वाफ जाते कुठे?

आमच्या पिढीला जेम्स वॉट भेटला तो शाळेच्या पुस्तकात, चुलीवरच्या किटलीशेजारी. किटलीचे झाकण थडथड उडते आहे, एक मुलगा टक लावून त्याकडे बघतो आहे आणि बघता बघता त्याला वाफेच्या इंजिनाचा शोध लागतो! गुरुजींनी गोष्ट सांगितली, आम्ही भक्तिभावाने ऐकली. घरी येऊन मीही दुधाच्या पातेल्यासमोर असाच बसून पाहिले होते. शोध काही लागला नाही. दूध उतू गेले आणि पाठीत आईचा धपाटा मात्र बसला.

इतक्या वर्षांनी ही गोष्ट आठवली ती माझ्या नातीमुळे. ती नुकतीच इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. शाखा कॉम्प्युटरची. पण पहिल्या वर्षी सगळ्या शाखांच्या मुलांना बरेचसे विषय सारखेच असतात. बल आणि गती, उष्णता, वीज, ड्रॉइंग, वर्कशॉपमधले कानस घासणे. गणपतीला घरी आली तेव्हा तिने ती जाडजूड पुस्तके टेबलावर ठेवली आणि मला विचारले की, आजोबा, मला आयुष्यभर संगणकासमोर बसायचे आहे, तर हे तुळयांचे आणि वाफेचे हिशेब मी कशाला करू?

मी कॉमर्सचा माणूस. तेहतीस वर्षे बँकेत काढली, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. मला कसले उत्तर येणार? पण मागे एका कादंबरीत मला गिरणीच्या इंजिनावरचा एक जुना कामगार रंगवायचा होता. त्या निमित्ताने वॉटचे चरित्र बारकाईने वाचले होते. ते वाचताना लक्षात आले की किटलीच्या गोष्टीने आपली चक्क फसवणूक केली आहे. न्यूकमेन नावाच्या लोखंड-सामानाच्या व्यापाऱ्याने बनवलेले वाफेचे इंजिन १७१२ पासून इंग्लंडच्या खाणीतले पाणी उपसत होते. म्हणजे वॉटच्या जन्माच्या चोवीस वर्षे आधी! मग वॉटने केले काय? ते जे केले, तेच माझ्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. त्या रात्री जेवणे झाल्यावर तिला जे सांगितले, तेच आज थोडे नीट मांडून लिहितो आहे.

वॉटचा जन्म १९ जानेवारी १७३६चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदरातला. आजोबा गणित शिकवणारे, दर्यावर्दी पोरांना नौकानयनाचे हिशेब समजावणारे. वडील जहाजांचे सुतारकाम करणारे, होकायंत्रे आणि दुर्बिणी दुरुस्त करणारे आणि व्यापारीही. मुलगा लहानपणापासून अशक्त, डोकेदुखीने बेजार. पहिली धुळाक्षरे त्याने आईजवळच गिरवली. वडिलांनी त्याला कारखान्यात एक छोटे बाक, मुलाच्या हाताला बेतलेली हत्यारे आणि एक लहानशी भट्टी दिली. शाळेतल्या दांडगट पोरांपुढे बुजणारा हा मुलगा त्या बाकाशी बसला की वेगळाच होई. एखादी वस्तू खोलायची, तिचा प्रत्येक भाग का आहे ते समजून घ्यायचे आणि पुन्हा जोडायची, हा त्याचा खेळ.

सतराव्या वर्षी आई गेली. वडिलांचा व्यापारही पुढे खालावला. मापनाची उपकरणे बनवण्याचा धंदा शिकायचा असे ठरवून हा मुलगा १७५५ साली लंडनला गेला. तिथली रीत अशी की सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय धंद्यात पाऊल टाकता येत नाही. वॉटजवळ सात वर्षे नव्हती आणि पैसेही नव्हते. वीस गिनी देऊन मॉर्गन नावाच्या कारागिराकडे त्याने एका वर्षात जेवढे शिकता येईल तेवढे शिकून घेतले. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम आणि पोटाला चिमटा. वर्षाअखेर प्रकृती पार खालावली आणि तो मायदेशी परतला. ग्लासगोत दुकान थाटायचे म्हटले, तर तिथेही कारागिरांच्या संघटनेचे नियम आडवे आले.

त्याला आसरा दिला तो ग्लासगो विद्यापीठाने. कुणा दानशूराने जमैकाहून पाठवलेली खगोलशास्त्राची उपकरणे समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजली होती. वॉटने ती साफ करून दिली आणि १७५७ साली विद्यापीठाच्या आवारातच त्याला एक खोली मिळाली. इथे एकवीस वर्षांचा एक कारागीर आणि मोठमोठे प्राध्यापक यांची ऊठबस सुरू झाली. त्यांत जोसेफ ब्लॅक हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि जॉन रॉबिसन हा तरतरीत विद्यार्थी होता. रॉबिसनला वाटले होते की आपण एका कामगाराला भेटतो आहोत. भेटीनंतर त्याला उमगले की हा माणूस आपल्याहून तत्त्वज्ञ आहे.

याच काळातली एक हकिकत मला फार आवडते. वॉटकडे ऑर्गन बनवण्याचे काम आले. आता गंमत अशी की वॉटला सूर कळत नसे. रॉबिसनने लिहून ठेवले आहे की एक स्वर आणि दुसरा स्वर यांतला फरकही त्याला सांगता येत नसे. दुसऱ्या कुणी हे काम परत केले असते. वॉटने स्वरांच्या गणितावरचा एक अवघड ग्रंथ मिळवला, ध्वनी म्हणजे कंपने आणि दोन स्वरांच्या कंपनांचे काही ठराविक प्रमाण असते हे मुळापासून समजून घेतले आणि त्या आधारावर ऑर्गन जुळवला. वादकांनी तो नावाजला. कानाने जे दिले नव्हते ते त्याने तत्त्वातून मिळवले.

१७६३-६४च्या हिवाळ्यात अँडरसन नावाच्या प्राध्यापकाने न्यूकमेनच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती वॉटकडे दुरुस्तीला दिली. वर्गात मुलांना दाखवण्याचे ते खेळणे. सिलिंडरचा व्यास दोन इंच, दट्ट्याची धाव सहा इंच. लंडनच्या नामांकित कारागिरांकडे ते आधी जाऊन आले होते, तरी चार-दोन ठोके दिले की बंद पडे. वॉटने ते नीट केले. तरीही तेच. बॉयलरमध्ये वाफच उरत नसे.

इथे थोडे थांबून ते इंजिन कसे चाले ते सांगतो. सिलिंडरमध्ये दट्ट्याखाली वाफ भरायची. मग आत थंड पाण्याची पिचकारी मारायची. वाफेचे पाणी होते, पाण्याला जागा अगदी थोडी लागते, त्यामुळे आत पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्याला दणकन खाली दाबते. दट्ट्या तुळईच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला खाणीतला पंप. झाला एक उपसा. मग पुन्हा वाफ, पुन्हा पिचकारी.

घरातल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक भाकरीनंतर तवा पाण्यात बुडवायचा आणि पुढच्या भाकरीसाठी पुन्हा तापवायचा, असा तो कारभार होता. पन्नास वर्षे लोक तो तवा बुडवत होते, कारण खाणीच्या तोंडाशी कोळसा फुकटात जमा होता आणि जळणाची फिकीर कुणी करत नव्हते.

वॉट दुरुस्ती करून पैसे घेऊन मोकळा झाला असता तर त्याचे नाव आज कुणाला माहीत नसते. पण त्याला एक प्रश्न छळू लागला. इतकी वाफ जाते कुठे?

हा प्रश्न मला ओळखीचा वाटतो. आमच्या बँकेत संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही की घरी जायची सोय नसे. सकाळची शिल्लक, दिवसभरात आलेले, दिवसभरात गेलेले आणि संध्याकाळी पेटीत उरलेले. हे चार आकडे जुळलेच पाहिजेत. जुळत नसतील तर पैसा हवेत विरलेला नसतो, तो कुठेतरी गेलेला असतो आणि ते कुठे हे शोधावे लागते. वॉटने वाफेची कॅश टॅली करायला घेतली.

त्याने मोजमापे सुरू केली. पाण्याची वाफ झाली की ती किती जागा व्यापते? त्याला उत्तर मिळाले, साधारण अठराशे पट. आजचा आकडा सतराशेच्या जरा खाली आहे. घरगुती साधनांनी काढलेले हे माप बघून थक्क व्हायला होते. मग दर ठोक्याला बॉयलरमधले किती पाणी खर्ची पडते ते मोजले. सिलिंडर एकदा भरायला जेवढी वाफ पुरावी, त्याच्या कित्येक पट ती खर्च होत होती. उरलेली कुठे गेली? थंड झालेल्या सिलिंडरच्या भिंती पुन्हा तापवण्यात! सापडला फरक.

पण खात्यात आणखी एक कोडे होते. थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली, तर ते पाणी तिने प्रमाणाबाहेर तापत होते. आपल्या वजनाच्या सहापट विहिरीचे पाणी ती वाफ उकळत्या पाण्याइतके गरम करी. एवढी उष्णता तिच्याजवळ आली कुठून? बुचकळ्यात पडून तो ब्लॅककडे गेला. ब्लॅकने त्याला आपला सिद्धांत सांगितला. पाण्याची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता पोटात घेते, पण तापमापकावर ती दिसत नाही. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सारी परत मिळते. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. विद्वानाने जे विचाराने शोधले होते, ते कारागिराला त्याच्या बाकावर आपोआप भेटले होते. तो मुळाशी उतरला होता आणि मुळाशी दोघांची भेट झाली.

तरी मार्ग दिसत नव्हता. वाफ वाचवायची तर सिलिंडर गरम ठेवायला हवा. पोकळी करायची तर वाफ थंड व्हायला हवी. एकच भांडे एकाच वेळी गरम आणि थंड कसे असेल?

उत्तर सापडले ते १७६५ सालच्या वसंतातल्या एका रविवारी. स्कॉटलंडात त्या काळी रविवारी काम करणे म्हणजे पाप. वॉट ग्लासगो ग्रीन या मैदानावर फिरायला गेला. धुणी धुण्याच्या जुन्या घरावरून पुढे गेला आणि गुराख्याच्या घरापाशी पोहोचेपर्यंत त्याच्या मनात सगळे जुळले होते. भांडे एकच कशाला हवे? वाफ पोकळीकडे धावते. सिलिंडर कायम गरम ठेवायचा, शेजारी एक वेगळे भांडे कायम थंड ठेवायचे, दोघांना नळीने जोडायचे. वाफ आपणहून थंड भांड्यात जाईल आणि तिथे तिचे पाणी होईल. हाच तो वेगळा कंडेन्सर. रविवार असल्याने बिचाऱ्याला काम सुरू करायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले! मग डॉक्टरांची एक मोठी पितळी पिचकारी मिळवून त्याने पहिला प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला.

शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते. खरी इथून सुरू होते, कारण पिचकारीतल्या इंजिनापासून खाणीवरच्या इंजिनापर्यंत पोहोचायला त्याला अकरा वर्षे लागली.

आमच्या व्यवसायाचा माणूस या अकरा वर्षांकडे वेगळ्या नजरेने बघतो. वॉटचा भागीदार वारला, धंदा बसला, नवे लग्न झालेले. मामेबहीण-आतेबहिणीच्या नात्यातली मार्गारेट, जिला तो पेगी म्हणे, तिच्याशी त्याने १७६४ साली लग्न केले होते. प्रयोगांसाठी ब्लॅकने त्याला पैसे दिले होते. ते कर्ज हजार पौंडांच्या घरात गेले. मग रोबक नावाच्या उद्योजकाने ते फेडण्याची हमी घेतली आणि बदल्यात शोधाचा दोन-तृतीयांश हिस्सा घेतला. १७६९च्या जानेवारीत पेटंट मिळाले. पण मोठा सिलिंडर कुणाला नीट गोल करता येईना. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. कापड, बूच, तेल, कागद, काहीही लावले तरी निसटे. घर चालवण्यासाठी वॉट कालव्यांची मोजणी करत हिंडू लागला. तेही काम तो मुळापासून शिकला. जमिनीचा उतार, पाण्याचा ओघ, मातीकामाचा खर्च आणि मजुरांचे हिशेब. ज्याने सूर न कळता ऑर्गन जुळवला, त्याला कालवा अवघड वाटला नाही.

१७७३च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अशाच एका कालव्याची पाहणी करताना त्याला घरून निरोप आला. पेगीची प्रकृती गंभीर होती. भर पावसातल्या वाईट रस्त्यांनी तो परतला, पण बाळंतपणात ती गेली होती. त्याच वर्षी रोबकचे दिवाळे निघाले. धनकोंनी त्याच्या मालमत्तेची यादी केली, तेव्हा वाफेच्या इंजिनाच्या पेटंटची किंमत त्यांनी एक कवडीही धरली नाही. जगाचा चेहरा बदलणारी वस्तू त्या यादीत होती आणि हिशेब जाणणाऱ्या एवढ्या माणसांपैकी कुणालाही ती दिसली नाही.

हे वाचताना मला माझ्याच टेबलासमोर उभा राहिलेला एक तरुण आठवला. गोष्ट १९८०च्या दशकातली. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत कर्ज विभागात होतो. तो रस्त्याकडेच्या टपरीत वेल्डिंग करी. शिक्षण बेताचे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ किती वाया जातो हे त्याच्या मनाने घेतले होते. धुराड्यातून जाणारा गरम धूर दुसऱ्या काहिलीखालून फिरवला, तर रस आधीच तापेल आणि चिपाडे कमी लागतील, असे त्याचे म्हणणे. एक शाळकरी वही त्याने माझ्यापुढे ठेवली. कोणत्या दिवशी किती चिपाडे वजन करून जाळली, किती रस आटवला, किती वेळ लागला, सारे रकाने आखून लिहिलेले. अकरा हजार रुपये हवे होते. तारण नव्हते, डिप्लोमा नव्हता, जामीनही नव्हता. मी वही दोन पाने चाळली, प्रकरण नामंजूर असा शेरा मारला आणि पुढचा माणूस बोलावला. त्याने नमस्कार केला, वही पिशवीत घातली आणि तो गेला. काही वर्षांनी त्या रस्त्याने गेलो तेव्हा त्या टपरीत पंक्चर काढण्याचे दुकान होते. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण रोज जमाखर्च पाहणाऱ्या माणसाने समोरच्या वहीतला जमाखर्च ओळखला नाही, ही बोच अजून गेलेली नाही.

वॉटला मात्र ओळखणारा माणूस भेटला. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन हा रोबकचा एक धनको. बाराशे पौंडांच्या येण्यापोटी त्याने पेटंटमधला तो हिस्सा मागून घेतला. १७७४ साली वॉट बर्मिंगहॅमला गेला. त्या सुमारास विल्किन्सन नावाच्या लोखंडवाल्याने पोकळ सिलिंडरच्या आरपार दांडा घालून, तो दोन्ही टोकांना धरून, आतून घोटण्याचे यंत्र बनवले होते. पन्नास इंची सिलिंडरमध्येही एका शिलिंगच्या जाडीएवढी चूक राहत नव्हती. अकरा वर्षे अडलेला गाडा हलला. पार्लमेंटने १७७५ साली पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवली आणि १७७६ साली पहिली दोन मोठी इंजिने सुरू झाली. जुन्या चांगल्या इंजिनांपेक्षाही कोळसा निम्म्याहून कमी लागू लागला.

त्यांची पैसे घेण्याची पद्धत पाहा. इंजिनाचे सुटे भाग खाणमालकाने विकत घ्यायचे. बोल्टन आणि वॉट यांना द्यायचा तो फक्त वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक-तृतीयांश. कॉर्नवॉलच्या खाणींना कोळसा समुद्रापलीकडून आणावा लागे, म्हणून तिथे ही इंजिने झपाट्याने खपली. किती ठोके पडले हे मोजणारे यंत्र तुळईवर कुलूपबंद पेटीत बसवलेले असे. बचत मोजता आली, म्हणून तिच्यावर धंदा उभा राहिला.

गिरण्यांना इंजिन विकायचे, तर गिरणीवाला विचारी की हे किती घोड्यांचे काम करील? वॉटने घोड्याचे काम मोजले आणि आकडा ठरवला. तेहतीस हजार पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. मग दुहेरी ठोक्याचे इंजिन आले. तुळईच्या कमानदार हालचालीतून दट्ट्याला सरळ रेषेत धरणारी दांड्यांची जुळणी १७८४ साली आली. आपल्या सगळ्या कामांत तिचाच अभिमान त्याला सर्वांत जास्त होता. १७८८ साली इंजिनाचा वेग आपोआप आवरणारे गोळ्यांचे गव्हर्नर त्याने बसवले. वेग वाढला की गोळे फाकतात आणि वाफ कमी होते, वेग घटला की गोळे मिटतात आणि वाफ वाढते. इथे नातीला थांबवून मी सांगितले की, आपण केले त्याचा परिणाम पाहून पुढचे पाऊल बदलणे ही जी युक्ती तुझ्या संगणकाच्या जगात पदोपदी लागते, तिचे हे पणजोबा.

पत्रांच्या नकला हाताने करण्याचा कंटाळा आला म्हणून १७८० साली त्याने नक्कल काढण्याचे यंत्रही केले. ओल्या पातळ कागदावर मूळ पत्र दाबायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेच्या माळ्यावर चाकाच्या मुठीचा एक गंजका लोखंडी प्रेस पडलेला होता. जुन्या काळी त्यात पत्रे दाबून नकला काढत. तो वॉटच्या घराण्यातला, हे कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

आपल्याशी त्याचा आणखी एक धागा आहे. बोल्टनने वॉटच्या इंजिनावर चालणारी टांकसाळ सोहो येथे उभारली. तिथे १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली गेली. एका नाणीवेड्या सहकाऱ्याने मला त्यातले एक दाखवले होते. एका बाजूला तराजू आणि अदल हा शब्द. अदल म्हणजे न्याय. मुंबईत पहिली आगगाडी धावण्याच्या साठ वर्षे आधी वॉटची वाफ अशी आपल्या लोकांच्या कनवटीला येऊन बसली होती.

त्या तराजूत वॉटलाही तोलले पाहिजे. पेटंटच्या जोरावर त्याने हॉर्नब्लोअरसारख्या कल्पक माणसांना कोर्टात खेचले. मोठ्या दाबाची वाफ वापरणे त्याला धोक्याचे वाटे आणि तो त्याला विरोध करत राहिला. नंतर त्याच मार्गाने ट्रेव्हिथिक गेला आणि रेल्वेचे इंजिन जन्माला आले. वडिलांच्या व्यापारात गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या मालाचा वाटा होता आणि पुढे कंपनीची इंजिने वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या चरकांनाही गेली. वाफेचा थेंबन् थेंब मोजणाऱ्याच्या वहीत त्या माणसांसाठी रकाना नव्हता. हिशेब कितीही चोख असला, तरी रकाने कोणते आखायचे हे माणूसच ठरवतो.

घरातही दुःख थांबले नाही. पेगीनंतर त्याने अॅन मॅकग्रेगर हिच्याशी लग्न केले. त्यांची मुलगी जेसी १७९४ साली क्षयाने गेली. हा म्हातारा बाप रडत बसला नाही. डॉक्टर बेडोज हे वेगवेगळे वायू हुंगवून फुप्फुसाचे रोग बरे करता येतील का ते पाहत होते. वॉटने त्यांच्यासाठी वायू तयार करण्याची उपकरणे बनवून दिली. ज्याला वाफ आणि हवा मुळापासून कळली होती, तो आता तिच्याकडे पोरांचे श्वास मागत होता. उपाय फळला नाही. धाकटा ग्रेगरी, सर्वांत हुशार आणि लाडका, १८०४ साली त्याच रोगाने सत्ताविसाव्या वर्षी गेला. पाया पक्का असला म्हणजे सगळे साधते असे नाही, हेही या आयुष्यात आहे.

१८०० साली पेटंट संपले आणि वॉट निवृत्त झाला. हीथफील्डच्या घराच्या माळ्यावर त्याने कारखाना मांडला आणि पुतळ्यांच्या हुबेहूब प्रती कोरणारे यंत्र बनवण्यात शेवटची वर्षे घालवली. ग्रीनॉकच्या बाकावरचा मुलगा पुन्हा बाकापाशी आला होता. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला. त्याची ती खोली हत्यारांसकट लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवली आहे.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८२४ साली, कार्नो या तरुण फ्रेंच इंजिनिअरने इंजिनाने उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल याचा विचार मांडला. त्यातून उष्णतेचे एक नवे शास्त्र उभे राहिले. नातीच्या टेबलावरच्या पुस्तकांतले एक त्याचेच आहे. आणि १८८२ साली सीमेन्स या इंजिनिअरने सुचवले की शक्तीच्या मापाला वॉटचे नाव द्यावे. ते जगभर रूढ झाले. ज्याने वीज कधी हाताळली नाही, त्याचे नाव आज आपल्या प्रत्येक दिव्यावर असते. कारण वाफ असो, वीज असो की बैलाचा खांदा, काम मोजायचे माप एकच आहे.

नातीला मी शेवटी एवढेच सांगितले की, शाखा निराळ्या असतात, खालचा हिशेब एकच असतो. आत काय आले, बाहेर काय गेले, उरले किती आणि जुळत नसेल तर फरक गेला कुठे. तुझा संगणकही वीज खातो आणि तापतो. ती उष्णता जाते कुठे हा प्रश्न तुलाही चुकणार नाही. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मांडीवरचा लॅपटॉप उचलला, त्याच्या पोटाखाली हात धरून पाहिला आणि चार्जरवर बारीक अक्षरांत किती वॉट लिहिले आहेत ते वाचू लागली.

मी तिला एक नवी वही आणून दिली. रकाने आखून ठेव, म्हटले. आणि कधीकाळी कुणी अशी वही तुझ्या टेबलावर ठेवली, तर दोन पाने चाळून परत देऊ नकोस. शेवटपर्यंत वाच.